पावतीशिवायचा बाळंतविडा

सुवर्णानं पडद्यावरचं ते दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा ओठ हलवत. मग खुर्ची फिरवून आईकडं बघितलं.

"आई, ती प्रतापनगरवाली म्हणते, तिला बाळंतविडा मिळालाच नाही."

रत्नमालाच्या ओठात दोरा होता. सुईत ओवायला ओला केलेला. तो तिथंच राहिला.

"कोन म्हनते?"

"सलोनी. साइटवर कंप्लेंट टाकलीय. माल आला नाही म्हणून."

"अव पन मीच तर देऊन आली! माह्या हातानं! तिच्या मायनं चहा पाजला मले. पोहे खाल्ले मी तिथं बसून. पोह्यात बटाटा होता!"

"बटाट्याची पावती आहे का?" सुवर्णा म्हणाली.

पोरगी तशी वाईट नव्हती. पण राग आला की अशी बोलायची, आणि तिला राग यायचं कारणही होतं.

आता हे थोडं उलगडून सांगायला लागेल. रत्नमालाचा नवरा शेषराव रेल्वेत फिटर. मूळ गाव मूर्तिजापूर. तिथून भुसावळ, मग रतलाम, मग कोटा, मग जयपूर. बदली आली की रत्नमाला ट्रंका भरायची आणि नव्या क्वार्टरमध्ये चूल मांडायची. जिथं जाईल तिथं तिला शेषरावची बायको म्हणायचे, नाहीतर सुवर्णाची आई. बाईला स्वतःचं नाव आहे हे रेशनकार्ड सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. हातात मात्र कसब होतं. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, छोटी गोधडी, सगळं जुन्या मऊ सुती लुगड्याचं, हातशिलाईचं. टाका असा की बाळाच्या अंगाला गाठ म्हणून लागायची नाही.

सुवर्णानं जुना कॉम्प्युटर घेतला, फोटो काढले आणि एका विक्रीच्या साइटवर दुकान टाकलं. दुकानाचं नाव रत्नमाला. मराठी पोरी देशभर पांगलेल्या. कुणाची आई गुडघ्यानं बेजार, कुणाची आजी राहिली नाही. बाळंतविडा शिवायचा कुणी? इंदूर, रायपूर, दिल्ली, पार कॅनडाहून एकीनं मागवला. लोक साइटवर लिहायचे, रत्नमालाताई, बाळ तुमच्या गोधडीशिवाय झोपत नाही. सुवर्णा वाचून दाखवायची आणि रत्नमाला म्हणायची, "पुन्हा वाच." पन्नाशीला आलेल्या बाईला कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं, तेही रोज.

साइटचा नियम सोपा होता. माल कुरियरनं पाठवा, साइटवर जो पत्ता असेल त्याच पत्त्यावर पाठवा, घेणाऱ्याची सही घ्या. मग गिऱ्हाईक कितीही बोंबलू दे, साइट तुमच्या बाजूनं उभी राहते. त्याला म्हणतात सेलर प्रोटेक्शन. यातलं एक जरी चुकलं, तर तुमचं तुम्ही बघा.

रत्नमालानं तिन्ही चुकवलं होतं. वर त्याचा तिला अभिमान होता.

झालं होतं असं. सलोनी राहायची बनी पार्कात, सासरी. साइटवर पत्ता तिथलाच. माल तयार झाला आणि तिचा फोन आला. जयपूरमध्येच वाढलेली, मराठी अडखळत बोलायची. "मावशीजी, मतलब, मी ना आता आईकडे आली आहे. प्रतापनगरला. डिलिव्हरीसाठी. तिथे भेजाल का?"

पहिलटकरीण माहेरी आलेली. मावशी म्हणाली. रत्नमाला तर विरघळलीच.

सुवर्णा म्हणाली होती, "पत्ता बदलू नको आई. तिला साइटवर आधी बदलायला सांग. आणि कुरियरनंच जाऊ दे."

"बाळंतविडा कुरियरनं?" रत्नमाला म्हणाली होती. "पोत्यात घालून आपटत नेतीन ते. त्याच्यावर बूट ठेवतीन. बाळंतविडा बाईनं बाईच्या हातात द्यावा लागते. तुले समजत नाही, गप राय."

इंदूरला काही तिला जाता येत नव्हतं. पण पोर याच शहरात, आणि तिला कुरियर? मिनीबसनं गेली, मांडीवर पुडकं घेऊन. सलोनीच्या हातात दिलं. पोरीनं कुंची गालाला लावून बघितली. पावती घ्यायचं रत्नमालाच्या मनातही आलं नाही. लेकीला बाळंतविडा देऊन कोण सही मागतं?

आणि आता ही तक्रार. तीही आजची नव्हती. मधे कॉम्प्युटर बिघडून दुरुस्तीच्या दुकानात पडला होता. साइटच्या सूचनांवर सूचना येऊन पडल्या होत्या, त्या आज दिसल्या.

"पैसे देऊन टाक तिले," रत्नमाला म्हणाली. "किटकिट नको."

"ते साइटनं कधीच वापस केले तिला. पैशाचं नाहीये आता." सुवर्णानं पडद्यावर बोट ठेवलं. "उद्या संध्याकाळपर्यंत आपण माल दिल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर तिनं तक्रार मागं घ्यायची. दोन्ही झालं नाही तर फसवणुकीचा शिक्का. दुकान बंद. मतलब कायमचं. या नावानं, या पत्त्यावर परत उघडताच येत नाही."

रत्नमालानं खाटेकडं बघितलं. तिथं तीन पुडकी बांधून ठेवलेली. तीन पोरी दिवस भरत आलेल्या. पोटातलं बाळ काही साइटची परवानगी घेऊन थांबत नाही.

"फोन लाव तिले," ती म्हणाली.

फोन वाजला, वाजला, आणि एका पुरुषानं उचलला. आवाज गोड. पेढ्याच्या दुकानात असतो तसा.

"सलोनी आराम करत आहे. मी तिचा हजबंड, निमिष. बोला."

"जावईबापू, मी रत्नमाला बोलून रायली. बाळंतविडा आनला होता मी. तुमच्याकडून ते तक्रार चुकून..."

"अच्छा, साइटवाली आंटीजी! हां, आम्हाला काही मिळालं नाही."

"मी सोता दिला, बापू. सलोनीच्या हातात."

"कुरियर नंबर सांगा ना. मी चेक करतो."

रत्नमालानं सुवर्णाकडं बघितलं.

"नंबर नाही?" तो हसला. हसण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मग कसं होणार आंटीजी? ऐसे तो कोई भी बोलेगा दिया. बरं, उद्या मुलीचं बारसं आहे, घरात मेहमान आहेत. तंग करू नका हां."

फोन ठेवला गेला. रत्नमालाच्या लक्षात आलं. या माणसाला पावती नाही हे आधीच माहीत होतं. कुंचीचा टाका बघायच्या आधी त्यानं पुडक्यावर कुरियरचा कागद आहे का ते बघितलं असणार.

शेषराव ड्यूटीवरून आला, त्यानं ऐकलं आणि चप्पलसुद्धा काढली नाही. "चार फिटर घेऊन जातो. हातोड्यासकट."

"बाळंतिनीच्या घरी हातोडे घेऊन जाता?"

"मंग काय आरती घेऊन जाऊ?"

"मी जातो," रत्नमाला म्हणाली. "बारसं हाय. बारशाले बाईले कोनी दारातून परत धाडत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. शेषरावचा मोबाइल पिशवीत. सुवर्णा घरी कॉम्प्युटरसमोर. तक्रार उठली की फोन करणार असं ठरलेलं. मिनीबसमध्ये रत्नमाला मनात शब्द जुळवत होती. सगळ्यांसमोर बोलायचं. सलोनीची आई साक्षीला आहे, तिनं चहा पाजला आहे. खोट्याचं तोंड फोडायचं. सांगानेरकडं बस वळेपर्यंत तिनं पाच-सहा शिव्याही निवडून ठेवल्या, मूर्तिजापूरच्या, खास ठेवणीतल्या.

दार उघडंच होतं. आत बायकाच बायका, पाळण्याला झेंडूच्या माळा. सलोनीची आई विनयाताई दारातच भेटली.

"अगंबाई, रत्नमालाताई! बरं झालं आलात! अहो, तुमचीच कुंची घातलीय बाळाला. सगळ्याजणी विचारतायत कुठून आणली म्हणून!" आणि तिनं हात धरून तिला आतच ओढलं. "विहीणबाई, या बघा, यांनीच शिवलंय सगळं."

निमिषची आई अनुसयाबाई पाळण्याजवळ बसलेली. जाड भिंगांचा चष्मा. तिनं चष्मा वर करून रत्नमालाकडं बघितलं. "हात दाखवा बघू," म्हणाली, आणि खरंच हात हातात घेऊन बोटांची टोकं बघितली. "सुई पुष्कळ टोचून घेतलीत हो."

रत्नमालाच्या जुळवलेल्या शब्दांची गाडी तिथंच रुळावरून घसरली. ज्या घरानं लिहून दिलं की माल आला नाही, त्याच घरात माल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाळाच्या डोक्यावर होता आणि वर तिचं कौतुक चाललं होतं. विनयाताईला काही माहीतच नव्हतं, हे उघड होतं.

सलोनी भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला. तिनं रत्नमालाला बघितलं आणि मान खाली घातली. तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

"आंटीजी, एक मिनिट." मागून पेढ्याच्या दुकानातला आवाज.

स्वयंपाकघराच्या मागं गॅलरी होती, धुण्याची. निमिषनं तिला तिथं नेलं. देखणा पोरगा, पांढरा कुर्ता, खिशाला पेन. हातात पेढ्यांची ताटली होती, ती त्यानं पुढं केली. "तोंड गोड करा आणि निघा."

"जावईबापू, बाळाच्या अंगावर हाय ते मीच देलं का नाही?"

"दिलं असेल."

"मंग लिहा ना तसं. मले काही नको. फक्त तक्रार मांगं घ्या. माहं दुकान जाते आज."

"बघा आंटीजी, असं आहे. मी एकदा मागं घेतली की माझं रेकॉर्ड खराब होतं. पुढच्या वेळी साइट माझं ऐकणार नाही."

पुढच्या वेळी. म्हणजे मागच्याही वेळा होत्या. रत्नमालाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "मी आता भाईर जातो आन् सगळ्याईले सांगतो. तुमच्या सासूले सांगतो."

"सांगा." त्यानं ताटली कठड्यावर ठेवली. "अकाउंट कुणाच्या नावावर आहे विचारा पण. सलोनीच्या. तक्रार कुणाच्या नावानं? सलोनीच्या. मी म्हणेन, मला तर काही पता नाही, हिनंच केलं. बाराव्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर. बोला, सांगताय?"

मूर्तिजापूरच्या सगळ्या शिव्या होत्या तिथंच होत्या, पण एकही कामाची नव्हती. हा माणूस बायकोच्या मागं उभा राहून बोलत होता, आणि ती बायको बारा दिवसांची बाळंतीण. ओल्या बाळंतिणीला चारचौघांत चोर म्हणायचं? तिच्या आईनं पोहे केलेत त्या घरात?

"तुम्ही समजदार आहात," निमिष म्हणाला, आणि पदरात टाकावा तसा एक पेढा तिच्या हातावर ठेवून आत गेला.

तिनं पेढा कठड्यावर कावळ्याला ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. गेलं दुकान. सुवर्णाला काय सांगायचं, शेषरावला काय सांगायचं, त्या तीन पोरींना कोण सांगणार. हॉलमधून ती मान खाली घालून दाराकडं निघाली.

"अहो ताई, कुठं निघालात?" विनयाताईनं वाट अडवली. "बाळ रडायला लागलंय. घ्या बरं जरा, मी ताटाचं बघते." आणि हो-नाही म्हणायच्या आत बाळ तिच्या हातात.

बाळ चांगलं टाहो फोडत होतं. एवढंसं तोंड, लाल, रागावलेलं. कुंचीची झालर तिच्या मनगटाला लागली आणि तिनं मागचे टाके चाचपले. आपसूकच. तिचे होते ते. लाइट गेलेली, कंदिलाशी बसून घातलेले.

"भूक लागली हिले," रत्नमाला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "चाल व सलोनी, पाजून घे."

ती सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली. सलोनीला उठावंच लागलं. ती आत आली आणि रत्नमालानं पायानं दार लोटलं.

खोलीत ओव्याच्या धुरीचा वास. खाट, शेगडी, आणि कोपऱ्यात सरकवून ठेवलेलं सलोनीच्या वडिलांचं कॉम्प्युटरचं टेबल. खाटेसाठी जागा करायला कुणीतरी ते भिंतीला खेटवलं होतं.

सलोनी बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. बाळ चूप झालं. बाहेर बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती.

"मावशीजी," सलोनी म्हणाली, तशीच पाठमोरी. "पैसे तर साइट देते ना? तुमचे थोडीच जातात."

"तुले असं वाटलं?"

"निमिष बोलला. बोलला, कंपनी मोठी आहे, त्यांना काय फरक पडतो. कॅमेरा पण असाच... पहिले पण..." ती थांबली. "मला नव्हतं करायचं. मी बोलले त्याला, मावशी स्वतः आली होती. तो बोलला, म्हणूनच."

रत्नमाला खाटेच्या कडेला टेकली. तिला ओरडायचं होतं. पण पोरीची पाठ पातळ दिसत होती ब्लाउजमधून.

"पैशाचं जाऊ दे," ती म्हणाली. "आज संध्याकाळी माहं दुकान बंद करतीन ते. लिहितीन, ही बाई चोर हाय. माह्या नावाखाली. मंग कोनीच येनार नाही माह्याकडं."

सलोनी वळली. "दुकान बंद? त्यानं हे नाही सांगितलं."

"तो कायले सांगते?"

"मी मागं घेतली तर थांबेल?"

"तू घेतली तरच थांबते. पन..." आणि इथं रत्नमाला अडली. गळ्याशी आलेलं होतं, घे बाई, आत्ताच्या आत्ता घे. ती म्हणाली, "तुले जाच होईन. मी सांगत नाही तुले घे म्हनून. तू ओली बाळंतीन. तुह्यं तू पाय."

सलोनीनं बाळ सोडवून रत्नमालाच्या हातात दिलं, पदर सारखा केला, आणि टेबलाशी जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

त्या कॉम्प्युटरला सुरू व्हायला म्हशीला उठायला लागतो तेवढा वेळ लागला. मग इंटरनेट. ते टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि लागताना असा आवाज करायचं की जणू कुणीतरी पत्र्यावर मांजर घासतंय. सलोनी दचकली. बाहेर पाळण्याचा सूर चढा होता म्हणून बरं. ती टाइप करायला लागली. पडदा भरत होता वरून खाली, एकेक पट्टी.

आणि बंद पडला.

"कुणीतरी फोन उचलला बाहेर," सलोनी कुजबुजली.

बाहेर विनयाताईचा आवाज आला. "अहो, मिठाईवाल्याला फोन लावतेय, तर यात कसली शिट्टी वाजतेय?"

मग दुसरा आवाज, गोड. "मी बघतो मम्मीजी."

सलोनीनं परत जोडलं. मांजर परत पत्र्यावर घासलं, आणि मधेच तुटलं. परत जोडलं. परत तुटलं. आता हे चुकून होत नव्हतं. हॉलमध्ये निमिषनं फोनचा रिसीव्हर उचलला होता आणि तो खाली ठेवत नव्हता. तो ठेवणार नव्हता. संध्याकाळ होईपर्यंत त्याला तो नुसता काढून ठेवायचा होता.

दारावर टकटक झाली. "सलोनी? क्या कर रही हो? बाहर आओ, सब वेट कर रहे हैं."

"दूध पाजते हाय," रत्नमालानं आतून सांगितलं.

"आंटीजी, तुम्ही अजून इथंच?" आता त्या आवाजातली साखर संपली होती. "सलोनी, दरवाजा खोल."

खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. सलोनी खुर्चीत बसलेली, हात मांडीत, अंगठ्यानं अंगठा चोळत. रत्नमालाला कळलं की पोरीची हिंमत आता संपत आली आहे, आणि आपण काही बोललो तर ती पुरती संपेल. म्हणून ती नुसती बाळाला थोपटत राहिली.

सलोनी उठली. दार उघडलं.

दारात निमिष होता. ती त्याच्या बाजूनं गेली. हॉलमध्ये गाणं थांबत थांबत थांबलं. टेलिफोनच्या टेबलावर रिसीव्हर काढून आडवा ठेवलेला होता. सलोनीनं तो उचलला आणि जागेवर ठेवला. अंगात ताकद नसलेल्या बाईनं ठेवावा तसा, दोन्ही हातांनी.

"याला कुणी हात नका लावू," ती म्हणाली. "मला नेट लावायचं आहे."

"काय चाललंय?" अनुसयाबाईनं चष्मा नाकावर चढवला.

"कुछ नहीं मम्मी," निमिष हसला. "इसकी तबीयत..."

"हे बाळाचे कपडे," सलोनी म्हणाली. मराठी तिला सापडत नव्हती, ती शोधून शोधून बोलत होती. "मावशीनं आणून दिले. आम्ही साइटवर लिहिलं, मिळाले नाही. माझ्या नावानं लिहिलं आहे. मला आता लिहायचं आहे की मिळाले."

विनयाताईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं, ते तसंच तिरकं राहिलं.

"मैंने बोला था ना," निमिष सगळ्यांकडं बघत म्हणाला, "ये ही सब ऑनलाइन वगैरा करती है, मला तर..."

"निमिष," अनुसयाबाई म्हणाली. "परत?"

एवढाच शब्द. पण तो असा आला की निमिषचं वाक्य तिथंच मेलं. म्हातारीला कॅमेऱ्याचं प्रकरण माहीत होतं. आणखी काय काय माहीत होतं देव जाणे. घरात येणाऱ्या वस्तू आणि न जाणारे पैसे आई बघतच असते. तिनं मुलाकडं बघणं बंद केलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली, फोनच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि त्यावर बसली. पायाशी काठी घेऊन.

"जा, लाव तुझं नेट," ती सुनेला म्हणाली. "बघते कोण उचलतो."

दार आता उघडंच होतं. मांजर पत्र्यावर घासल्याचा तो आवाज सगळ्या हॉलनं ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सलोनी टाइप करत होती. एक बोट, मग दुसरं. रत्नमाला बाळाला घेऊन खोलीच्या उंबऱ्यात उभी, एक डोळा पडद्यावर, एक भिंतीवरच्या उन्हावर. ऊन आता कॅलेंडरच्या वर गेलं होतं.

पिशवीत मोबाइल वाजला. तिच्या हातात बाळ. विनयाताईनं पुढं होऊन पिशवीतून तो काढला आणि तिच्या कानाला धरला.

"आई!" सुवर्णा ओरडत होती. "उठली! तक्रार उठली! तिनं लिहिलंय, मावशीनं स्वतः आणून दिलं, आम्ही खोटं बोललो. आई? ऐकतेय का?"

"ऐकतो," रत्नमाला म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, थेट कुंचीवर.

विनयाताईचा हात फोन धरून तसाच होता. "ताई, मला खरंच..." ती म्हणायला लागली.

"तुमचे पोहे चांगले होते," रत्नमाला म्हणाली. "जाऊ द्या."

बारसं मग झालं. कसंबसं झालं. निमिष कुणाच्याही लक्षात येणार नाही अशा बेतानं बाहेर गेला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं. अनुसयाबाई खुर्चीवरून हलली नाही. तिथूनच तिनं सांगितलं, ज्यांनी शिवलं त्यांनीच बाळ पाळण्यात घालावं. नाव ठेवलं ज्ञानदा. सलोनी रत्नमालाच्या शेजारी बसली होती आणि सगळा वेळ तिच्या पदराचं टोक मुठीत धरून होती, लहान पोर जत्रेत धरतं तसं. निघताना रत्नमालाला ते हळूच सोडवून घ्यावं लागलं. "काही वाटलं तं फोन करजो," ती म्हणाली. त्यापेक्षा जास्त काय म्हणणार? आपल्या घरी तर घेऊन जाता येत नव्हतं.

घरी पोचली तर शेषरावनं चहा करून ठेवलेला, निवलेला. सुवर्णा कॉम्प्युटरसमोर.

"आई, साइट विचारतेय, या गिऱ्हाइकाला ब्लॉक करायचं का. एक बटण आहे. दाबलं की तिला आपल्या दुकानातून परत काही घेता येणार नाही. दाबू ना?"

"त्याले कर. नवऱ्याले."

"अकाउंट तिच्या नावावर आहे आई. तिलाच होईल."

रत्नमाला खाटेवर बसली. तीन पुडकी बाजूला सरकवली, परत जवळ ओढली. पहिल्यावर रायपूरचा पत्ता लिहायचा राहिला होता.

"दाब," ती म्हणाली.

सुवर्णानं दाबलं.

"आन् तिचा फोन नंबर वहीत उतरवून ठेव. सहा महिन्यांत झबली आखूड होतीन पोरीले. तिनं बोलावलं तं मी जाऊन देऊन येईन."

"स्वतः?" सुवर्णानं डोक्याला हात लावला. "पावतीशिवाय?"

"तू लिही," रत्नमाला म्हणाली, आणि सुईत ओवायला दोरा ओठात धरला.